रॉडच्या मानेवरचा ठसा

रेल्वेच्या लोको शेडमध्ये मला पहिल्या दिवशी जे काम मिळालं ते चुना लावायचं. कारण काय, तर बाईमाणूस. सारवणं, पोतारणं बायांना जन्मापासून येतं असा तिथल्या समस्त पुरुषांचा ठाम समज होता. मला राग आला, पण खरं सांगायचं तर ते मला येतही होतं. पालमजवळच्या माझ्या माहेरी दसऱ्याआधी अख्खं घर आम्ही बहिणी पांढऱ्या मातीनं पोतारायचो आणि माझा हात सगळ्यांत पातळ, सारखा फिरतो असं आई म्हणायची. ह्या हाताचा उपयोग पुढं वाफेच्या इंजिनाला होईल असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही दोघी हसून लोळलो असतो.

माझे मालक त्या शेडमध्ये फिटर होते. लग्नानंतर सात वर्षांनी त्यांना कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग परभणीचा दवाखाना झाला, आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. त्यांच्या जागी मला घेतलं असं लोक म्हणतात, पण ते काही खरं नाही. ते फिटर होते, मला घेतलं खलाशी म्हणून, म्हणजे पडेल ते काम करणारी, चार पायऱ्या खाली. सातवी पास बाईला ह्याहून वर कोण बसवणार? परभणीच्या पुढचं आमचं जंक्शन, छोट्या लाइनीच्या गाड्या, शेडात धूर सोडत उभी असलेली इंजिनं, आणि त्या सगळ्या काळ्या कारभारात निळी साडी नेसून फिरणारी मी एकटी बाई.

चुना भिंतीला लावायचा असेल असं मला वाटलं होतं. लावायचा होता रॉडला. इंजिनाची चाकं एकमेकांना जोडणारा, माणसाहून लांब लोखंडी दांडा म्हणजे रॉड. इंजिन मोठ्या दुरुस्तीला आलं की रॉड खाली उतरवायचा, सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, त्याला रॉकेल चोळायचं आणि तासभर तसाच ठेवायचा. मग चिंधीनं कोरडा पुसून काढायचा आणि वरून पातळ चुन्याचा हात द्यायचा. चुना वाळला की हातोडीनं हलके ठोके मारायचे. लोखंडाला कुठं केसाएवढा तडा गेलेला असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या चुन्यावर ओली, काळपट रेघ उमटते. असा रॉड धावत्या गाडीत तुटला तर खडी उधळत, रुळाखालचे स्लीपर फोडत जातो, नाहीतर उलटा वर येऊन ड्रायव्हरच्या अंगावर येतो. चुना जाड झाला तर रेघ दिसत नाही, फार पातळ झाला तरी दिसत नाही. वर्षभरात असं झालं की चुना म्हटलं की मलाच हाक पडायची. बायकांचं काम म्हणून ज्यांनी ते माझ्या गळ्यात मारलं होतं, तेच आता "बाईनं बघितलाय ना, मग झालं" म्हणून रॉड चढवायचे. मी वरवर काही बोलायचे नाही, पण मनातून चांगलीच फुगायचे.

हे काम मला शिकवलं चाचांनी. शेडमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मालक त्यांच्या हाताखाली तयार झाले होते, म्हणून मी चाचा म्हणायचे. त्यांचे वडीलही निजामाच्या काळात रेल्वेत होते. तोंडात पान, डोक्यावर तेलकट टोपी, आणि बोलणं असं की नव्या माणसाला वाटावं, हा आपला सात जन्मांचा वैरी आहे. इंजिनाच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकायचे नाहीत, साहेबाचं तर नाहीच नाही.

आमच्या शेडची एक रीत होती. ज्यानं एखादा भाग बसवला त्यानं त्यावर पंचानं, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्यानं, आपला ठसा मारायचा. इंजिनाचा नंबर असायचाच, पण त्याच्या शेजारी बसवणाऱ्याची खूणही पडायची. पुढं काही बिघडलं तर कान कुणाचा धरायचा ते कळायला नको? चाचांचा ठसा तीन टिंबांचा होता. एकाची फुली होती, एकाचा चौकोन. मालकांचा म्हणजे दोन तिरप्या रेघा आणि वर एक टिंब. त्याचा अर्थ काय, असं मी एकदा लाडात येऊन विचारलं तर म्हणाले, "अर्थ कशाचा? मारायला सोपा पडतो."

ठसा मारायची जागा मात्र ठरलेली असायची. रॉडच्या दोन्ही टोकांना जाड डोकं असतं, ठसा तिथंच मारायचा. डोक्याला लागून रॉड बारीक होतो, त्या भागाला आम्ही मान म्हणायचो. सगळा ताण तिथं येतो, म्हणून मानेवर पंच टेकवायचा नाही. हे फिटरला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगली झाल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. गावोगाव अजून ताण होता, वऱ्हाड न्यायलासुद्धा जीपवाला का-कू करत होता. लग्नानंतर महिन्याभरानं मालक मला एकदा स्टेशनवर घेऊन गेले. परभणीकडं जाणारी गाडी लागली होती. इंजिनापाशी नेऊन म्हणाले, "हितं उभी राह्य. गाडी सुटली की चाकाकडं बघ. रॉड वर आला की दिसंल." मी बघत राहिले. आधी नुसती वाफ. मग चाक फिरलं, रॉड वर उचलला गेला, आणि त्याच्या मानेवर पांढऱ्या रंगानं भरलेल्या दोन तिरप्या रेघा आणि टिंब मला दिसलं. खाली गेलं, परत वर आलं, परत दिसलं.

"माझा हाय," ते म्हणाले. "डोक्यावर मारला असता तर तेलाखाली गेला असता. तुला कसा दिसला असता?"

तेव्हा मला डोकं काय आणि मान काय! माझ्या नवऱ्याची खूण घेऊन इंजिन परभणीला निघालं होतं, एवढंच मला कळलं, आणि मी पदर तोंडात धरून लाजले. त्या दिवशी मी जितकी सुखी होते तितकी नंतर फार वेळा झाले नाही.

ते गेल्यावर मागं राहिलं काय? दोन सदरे, एक पट्टा, आणि लग्नातला एक फोटो, ज्यात नेमके त्यांचे डोळे मिटलेले आहेत. ठसा मात्र चालता-फिरता होता. मी नोकरीला लागल्यावर ते इंजिन शेडात आलं की आधी डाव्या अंगाला जायचे, चिंधीनं रॉडची मान पुसायचे आणि ठशातला पांढरा रंग उडाला असेल तर काडीनं पुन्हा भरायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तीनदा तो रॉड दुरुस्तीला खाली उतरला. तेव्हाही धुणं, चुना लावणं माझ्याकडंच होतं. पण ठशातला रंग निघू नये म्हणून तेवढ्या जागेवर सोडा लागू द्यायचे नाही. देव्हाऱ्यातल्या टाकांना जपावं तशी त्या बोटभर जागेला जपायचे.

मग नव्वदीच्या सुमाराला मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, येणार हे पक्कं झालं. नामांतराचा निकाल तेव्हा अजून लागायचा होता. जेवणाच्या सुट्टीत शेडमधले दोन घोळके दोन वेगळ्या झाडांखाली बसायचे आणि भोंगा झाला की एकाच पान्याला मिळून लोंबकळायचे, असे ते दिवस. छोट्या लाइनीची इंजिनं एकेक करून बाभळींखाली नेऊन उभी करायला लागले. गॅसवाले येऊन ती कापायचे. त्या बाजूनं वारा आला की जळक्या रंगाचा वास यायचा आणि चाचा पान थुंकून आत निघून जायचे.

अशात वरून एक नवे साहेब आले. तरुण, चष्मेवाले, गळ्यात कॅमेरा. त्यांच्या मनात आलं की सगळीच इंजिनं कापायची नाहीत. एक ठेवायचं, आणि चौथऱ्यावर शोभेला नाही, तर चालतं ठेवायचं. सुट्टीच्या दिवशी चार जुने डबे लावून दोन स्टेशनं पुढं न्यायचं आणि परत आणायचं. शाळेच्या पोरांना, परभणीच्या हौशी लोकांना जुनी गाडी बघायला मिळेल. त्यासाठी त्यांनी शेडातलं सगळ्यांत जुनं इंजिन निवडलं. ते नेमकं आमचंच निघालं. त्या दिवशी मी घरी जाऊन देवापुढं गुळाचा खडा ठेवला. बाकीचे ठसे भट्टीत जाणार होते, माझ्या मालकांचा तेवढा राहणार होता.

पण साहेबांना इंजिन नुसतं चालतं नको होतं, जसंच्या तसं हवं होतं. त्यांच्याकडं निजामाच्या काळातला एक फोटो होता आणि तो घेऊन ते इंजिनाभोवती अशा चकरा मारायचे की मुलगी बघायला आलेत असं वाटावं. इथं लाल पट्टा होता, तो कुठं गेला? बाक लाकडाचा होता, हा पत्र्याचा कुणी बसवला? टाकीचे पत्रे रिबिटा ठोकून जोडलेले होते, हे वेल्डिंग कशाला? चाचा काही दिवस ऐकून घेत होते. एक दिवस म्हणाले, "साहेब, मूळचं काय राह्यलं म्हणून इचारलंत तर मला सांगता येत न्हाई. बॉयलर बदललं, चाकं बदलली, टाकी बदलली. मूळची फक्त शिट्टी हाय, अन् ती बी घसा बसल्यावानी वाजायलीय."

तरी साहेब हटले नाहीत. पाथरीच्या एका तांबटाकडून त्यांनी पितळेचा मोठा तेलाचा दिवा करून आणला. दिसायला सुरेख होता. पण इंजिन हललं की विझायचा. चाचांनी दोन दिवस काडी ओढून बघितली आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप आत बल्ब बसवून काचेला पिवळा कागद चिकटवला. दिवेलागणीला साहेब आले, लांब उभं राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बघा उस्ताद, तेलाच्या दिव्याचा उजेडच वेगळा." चाचा म्हणाले, "हौ साहेब." मला हसू आवरेना म्हणून मी बादली घेऊन पाणी आणायला गेले.

टाकीचंही तसंच. वेल्डिंग काढलं तर टाकी गळणार, म्हणून चाचांनी वरून नुसती रिबिटांची डोकी चिकटवली आणि काळा रंग दिला. साहेब खूश झाले. मी चाचांना विचारलं, "असं फसवलेलं चालतं का?" त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाही. म्हणाले, "दिव्यात खोटं चालतं, टाकीवर बी चालतं. चाकापाशी चालत न्हाई."

आणि नेमकं चाकापाशीच घोडं अडलं. फोटो काढायला साहेब गुडघ्यावर बसले आणि डाव्या रॉडवरचे नंबर त्यांनी वाचले. पहिल्या नंबरावर छिन्नीनं काट मारून पुढं आमच्या इंजिनाचा नंबर टाकला होता. म्हणजे रॉड दुसऱ्याच इंजिनाचा. तसाच होता तो. आमच्या इंजिनाच्या मूळच्या रॉडचं बुश, म्हणजे डोक्यातली पितळी कडी, झिजलं होतं, नवं मिळत नव्हतं, म्हणून मालकांनी दुसऱ्या इंजिनाचा रॉड आणून बसवला होता आणि ठसा मारला होता. मूळचा रॉड कुठाय, असं साहेबांनी विचारलं. चाचा म्हणाले, बाभळीखाली पडलाय. साहेब म्हणाले, मग तोच घाला.

म्हणजे मालकांचा ठसा बाभळीखाली जाणार. खलाशानं साहेबापुढं तोंड उघडायचं नसतं, पण माझं तोंड मला कधी विचारून उघडलेलं नाही.

"साहेब," मी म्हणाले, "फोटोत रॉड दिसतो, रॉडची तब्येत दिसती का? हा रॉड इतकी वर्सं चालायलाय, त्यानं कधी कुरकुर केली न्हाई. तो तिकडं पावसात भिजायलाय. उद्या गाडीत लेकरं बसणार. मूळचं मूळचं करून कुणाचा जीव घ्यायचाय का?"

 साहेबांचा चेहरा लाल झाला, पण माणूस भला होता. ते चाचांकडं वळले. चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "बाईचं बोलणं तिखट हाय, पण चुकीचं न्हाई." मग साहेबांनी निवाडा केला. "दोन्ही रॉड सोड्यात उकळून काढा, रंगाचा कणसुद्धा राहायला नको. कारखान्यातून निघालं तसं लोखंड मला दिसलं पाहिजे. मग बाईंना चुना लावू द्या. दोन्ही चांगले निघाले तर बाईंच्या शब्दाखातर हाच ठेवू."

मी जिंकलेच होते. ठशातला रंग निघणार ह्याचं थोडं वाईट वाटलं, पण म्हटलं जाऊ दे, वर चढला की पुन्हा भरीन. रात्रभर दोन्ही रॉड सोड्याच्या हौदात होते. दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढले तेव्हा ठसा मी पहिल्यांदाच उघडा पाहिला. रंगाशिवाय तो फार खोल वाटला. मालकांनी लय जोरात घाव घातला होता.

जेवणाची सुट्टी झाली. माणसं आपापल्या झाडाखाली गेली. रॉकेल मुरलं होतं, म्हणून मी थांबले नाही. आधी मूळच्या रॉडचं काम उरकलं. पुसला, चुना दिला, वाळू दिला, ठोकला. कुठंच काही नाही. पावसात पडूनसुद्धा धड निघाला म्हणून मला त्याचा रागच आला. मग मालकांच्या रॉडकडं वळले. चुना असा लागला होता की आईनं बघावा. वाळला, मी हातोडी घेतली आणि मानेवर दोन ठोके मारले.

टिंबातून एक केस बाहेर आला.

मला वाटलं माझाच केस गळून चुन्यावर पडला. बोटानं काढायला गेले तर बोट ओलं झालं. रॉकेलचा वास आला. मी चुना पुसून टाकला, रॉकेल नीट टिपलं, पुन्हा हात दिला, पुन्हा वाळायची वाट बघितली. ह्या वेळी ठोकायचीही गरज पडली नाही. टिंबातून रेघ निघाली, तिरप्या रेघेला धरून खाली उतरली आणि मानेच्या कडेपर्यंत गेली. बोटभर लांब. तडा ठशाच्या शेजारी नव्हता, ठशातूनच निघाला होता.

तिथं बसल्या बसल्या मला दोन गोष्टी एकदमच कळल्या. मला दिसावा म्हणून त्यांनी नको त्या जागी घाव घातला, त्यातून लोखंड फुटायला लागलं. आणि मी इतकी वर्षं प्रेमानं रंग भरून त्या तड्याचं तोंड बंद करत होते. रॉकेल आत जाणार कुठून आणि बाहेर येणार कुठून? तीन वेळा हा रॉड माझ्या हाताखालून गेला होता. तीन वेळा "बाईनं बघितलाय" म्हणून तो वर चढला होता. त्याच्या मागं भरलेले डबे धावले होते.

रंगाचा डबा हाताशी होता. मी झाकण काढलं. इथं मला खोटं लिहायचं नाही, झाकण मी काढलं होतं. चुना पुसून ठशात रंग भरला असता तर साहेबांना काही कळलं नसतं. रॉड चढला असता, मालकांचं नाव राहिलं असतं, माझंही. गाडी तर दोन स्टेशनंच जाणार होती, तीही रमतगमत. असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. आणि मग मला मालकांचा असा संताप आला की गेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीतच नव्हतं. "कुणी सांगितलं होतं?" मी मोठ्यानं म्हणाले. "मी मागितला होता का?" आणि रडायला लागले. डब्याचं झाकण लावलं आणि तशीच उठून चाचांना बोलवायला गेले.

चाचा भाकरी टाकून आले. चुन्यावरच्या रेघेकडं त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं, मग नख घालून बघितलं. नखाला पांढऱ्या रंगाचा पापुद्रा लागला, तो चुना नव्हता. तो त्यांनी माझ्यासमोर धरला.

"ह्याच्यात रंग कोण भरायलं होतं?"

"मी."

मग चाचा मला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. आजवर कुणाचंच मी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. "डोळे फुटले होते का," इथपासून ते सुरू झालं आणि बराच वेळ चाललं. मी मान खाली घालून उभी होते. कारण प्रत्येक शब्द खरा होता. शेवटी ते रॉडवरच बसले आणि त्यांनी टोपी काढली.

"तू भरलास, त्यानं मारला," ते म्हणाले. "अन् मी बघितला होता. त्याच दिवशी. म्हणलं, नवं लगीन झालंय, पोराची हौस हाय, बोलू नक्को. उस्ताद म्हणत्यात मला."

साहेबांना चाचांनी थोडक्यात सांगितलं. बाईनं तडा शोधला, मूळचाच रॉड बसवतो, बुश कापायला काढलेल्या इंजिनाचं घालतो. साहेबांना काय आनंद झाला! मला म्हणाले, "बाई, मी म्हटलं नव्हतं? मूळचं ते मूळचं." इतर वेळी मी सोडलं नसतं. त्या दिवशी म्हणाले, "हौ साहेब." ते खरंच होतं. त्यांनी फोटोपायी रंग उकळून काढायला लावला नसता, तर मी जन्मभर तडा जपत बसले असते. मी शहाण्यासारखी लेकरांच्या जिवाच्या गोष्टी केल्या होत्या आणि ते नुसत्या जुन्याच्या हौसेनं बोलत होते, पण जीव वाचवणारं काम त्यांच्या हौसेनं केलं.

पुढच्या सुट्टीला गाडी निघाली. परभणीहून दोन शाळांची पोरं आली होती, कुणाची आजी आली होती, जिंतूरकडचे एक निवृत्त गार्ड टोपी घालून आले होते. प्लॅटफॉर्मच्या कडेचे दगड मी सकाळीच चुन्यानं रंगवले होते. घसा बसलेली शिट्टी वाजली, पोरांनी कालवा केला आणि गाडी दोन स्टेशनं जाऊन जेवणाच्या वेळेला सुखरूप परत आली. अशा थोड्याच फेऱ्या झाल्या. मोठी लाइन आली आणि तेही संपलं. अजून कधी कधी आठवतं तेव्हा त्या पोरांचा कालवा आधी कानावर येतो आणि फार बरं वाटतं.

पण त्या पहिल्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी रॉड कापायचा होता. नापास झालेला भाग आमच्याकडं आख्खा ठेवत नसत, चुकून कुणी पुन्हा बसवेल म्हणून. मागच्या अंगानं गॅसनं कापत आणायचं आणि शेवटी घण घालून तड्यावर तोडायचं. गॅसवाला तयार होता. चाचांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, डोक्यापासून एक वीत सोडून कापायला लावतो. ठसा साबूत राहील. तेवढा तुकडा मी बाहेर काढतो. घरी ने."

गेटमधून लोखंड बाहेर नेणं म्हणजे चोरी. त्यापायी लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि चाचांना निवृत्त व्हायला वर्षही उरलं नव्हतं. तरी ते बोलले तसं करणार होते, हे मला माहीत होतं. आणि मला तो तुकडा हवा होता. इतका हवा होता की हात पुढं झाला असता. पण नेऊन ठेवणार कुठं? ट्रंकेत? आणि मग रोज काढून पुसणार, पुन्हा रंग भरणार?

"न्हाई चाचा," मी म्हणाले. "तड्यावरच तोडा. पण भट्टीला धाडू नका. दोन्ही तुकडे दारापाशी भिंतीला टांगा. नव्या माणसाला दिसू द्या."

"लोक इचारतील, ठसा कुणाचा."

"इचारू द्या."

चाचांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. मी खाली बसून दोन तिरप्या रेघांवरून, टिंबावरून एक सरळ रेघ ओढली. गॅस चालला तेव्हा मला मागं व्हायला सांगितलं, मी झाले नाही. घणाच्या तिसऱ्या घावाला रॉड उघडला. कापलेली कड सोडली तर मोडलेल्या लोखंडाचा निम्मा भाग नवा, चकचकीत होता आणि निम्मा जुन्या तेलानं काळा पडलेला. काळ्याच्या आत, सोडासुद्धा पोचला नव्हता तिथं, माझा पांढरा रंग होता.

शेड बंद होईपर्यंत ते तुकडे दारापाशी टांगलेले होते. बदली होऊन कुणी नवा फिटर आला की त्याला आधी तिथं उभं करायचे आणि मानेवर ठसा मारला की काय होतं ते दाखवायचे. हटकून कुणीतरी हसायचं आणि विचारायचं, "कोण येडा होता हा?" मग बाकीचे माझ्याकडं बघत नाहीत असं दाखवत माझ्याकडं बघायचे.

"माझे मालक होते," मी चुना कालवता कालवता सांगायचे. "अन् त्यात रंग भरून तडा झाकणारी मी. चला, रॉकेल घ्या, चोळायला लागा."